चारशे बारा रिळांचं पान

तीर्थस्वरूप काकांना पुतणीचा वाकून नमस्कार. (पाठ धरल्यामुळे अर्धीच वाकले आहे, उरलेला अर्धा तुम्ही धरून चाला. पाठ का धरली ते पुढे येईलच.) काकूंनाही नमस्कार सांगा. त्यांचा गुडघा कसा आहे? मागे फोनवर म्हणाल्या, जिना उतरताना दुखतो, चढताना नाही. मी म्हटलं, मग वरच राहा, तर रागावल्या. तुमची तब्येत कशी आहे हे मात्र मला कधीच कळत नाही, कारण मी फोन केला की तुम्ही "हं, बोल" म्हणता आणि मी बोलायच्या आत फोन काकूंच्या हातात देता. म्हणून हे पत्र. ते काकूंच्या हातात देऊन सुटता येणार नाही, पाकिटावर तुमचं एकट्याचं नाव घातलं आहे.

आमच्याकडे सगळं ठीक. आई दादांवर चिडलेली आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे. दादा (आम्ही वडिलांना दादा म्हणायला लागलो ते तुमचं ऐकूनच, हे इथे लिहायचं काही कारण नाही, पण पेन हातात आलं की माझं असं होतं) सकाळी वेळेवर दोऱ्यांचं दुकान उघडतात, भिंतीवरच्या खुंट्यांची रिळं फडक्याने पुसतात आणि गिऱ्हाईक येण्याची वाट बघतात. गिऱ्हाईक येत नाही. दोरा लागत नाही असं नाही, शिवणारे हल्ली बसल्या जागी फोनवर रंग बघतात आणि फोनवरच मागवतात. त्या फोनात आपलं दुकान नाही, एवढीच अडचण आहे.

आता सुरुवातीलाच एक स्पष्ट करते. तुमच्यात आणि दादांत अकरा वर्षांपूर्वी दोऱ्यांच्या छटांच्या छापील शेडकार्डावरून जे झालं, त्याबद्दल ह्या पत्रात मी एक अक्षरही लिहिणार नाही. (दोनशे सतरा आणि दोनशे अठरा हे दोन राखाडी तुमच्या छापखान्यात अगदी एकसारखे छापले गेले, दादा सगळ्या कामगारांसमोर तुम्हाला "तुझी नजर गेली" म्हणाले, तुम्ही "दोन्ही दोऱ्यांचे तुकडे आणून दे, मग बोलू" म्हणालात, माझ्या शब्दावर विश्वास नाही का म्हणून दादा पाय आपटत निघून आले, तुकडे काही तुमच्यापर्यंत पोचले नाहीत, आणि वर्षाच्या आत तुम्ही छापखाना विकून मुलीच्या गावी राहायला गेलात, हे सगळं मला माहीत आहे. पण लिहिणार नाही.) तुम्ही छापलेली कार्डं दादांनी वापरली नाहीत, त्याच्या आधीचं जुनं कार्ड चालू ठेवलं. आता त्याची एकच प्रत उरली आहे आणि तिच्या घड्या इतक्या फाटल्या आहेत की ती उलगडताना आई श्वास रोखून धरते.

तर सहा आठवड्यांपूर्वी मी दादांना म्हटलं, आपण सगळ्या रिळांचे फोटो काढून इंटरनेटवर आपलं एक पान करू या. दादा दोन दिवस रिळंच पुसत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, कर. पण चारशे बाराच्या चारशे बारा छटा वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. एक जरी दुसरीसारखी दिसली तरी ते पान लोकांपुढे जाता कामा नये. आणि जे रंग नीट दाखवता येत नाहीत ते विकायचे कशाला, त्यापेक्षा वर्षअखेरीला दुकान देऊन टाकू, समोरचा कुरिअरवाला जागा मागतोच आहे. मी हो म्हटलं. काका, ह्या दुकानात मी वीस वर्षं उभी आहे. दुसरं काही मला येत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही आवडतही नाही. म्हणून हो म्हटलं. चित्र "दाबावं" लागतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ते मला सांगितलं पान बनवणाऱ्या माणसाने. त्याला आम्ही एकमिनिट म्हणतो, कारण काहीही विचारलं की तो आधी "एक मिनिट" म्हणतो आणि मग पंधरा मिनिटं काही बोलत नाही. माणूस गुणी आहे, फक्त तो खुर्चीवर बसतो तेव्हा खुर्ची दिसत नाही आणि उठतो तेव्हा ती चालत त्याच्या मागे येते (चाकाची आहे). त्याने माझे फोटो बघितले, एक मिनिट म्हणाला, आणि पंधरा मिनिटांनी म्हणाला की हे फोटो भिंतीवर लावायच्या मापाचे आहेत आणि फोनवर रीळ दिसणार नखाएवढं. आधी माप कमी करा आणि मग चित्र दाबा. दाबायचं म्हणजे कॉम्प्युटर त्या चित्रातलं बारीकसारीक काहीतरी टाकून देतो आणि चित्र हलकं होतं, म्हणजे पान पटकन उघडतं. किती टाकायचं ते आपण ठरवायचं. त्यासाठी पडद्यावर एक सरकवायची पट्टी असते, शून्यापासून शंभरापर्यंत. इथवर सगळं सुरळीत होतं. पण त्या पट्टीवर ज्याने कोणी नाव घातलं त्याला दुकानदाराच्या घरचं काही माहीत नसणार. त्याने नाव घातलं आहे "क्वालिटी".

दादांनी ते वाचलं आणि झालं. क्वालिटी कमी करायची? आपल्या दुकानात? मी समजावलं की ही दोऱ्याची नाही, चित्राची आहे. एकमिनिटने समजावलं की शंभरावर कोणीच ठेवत नाही. दादांनी त्याला विचारलं की तू स्वतः शर्ट घेताना कितीचा घेतोस, शंभराचा की साठाचा? त्यावर तो एक मिनिट म्हणाला आणि निघून गेला. तेव्हा पट्टी शंभरावर राहिली.

शंभरावरचं पान मी कोटवाल्या बाईंना बघायला दिलं. ह्या आपल्या जुन्या गिऱ्हाईक, बँडवाल्यांचे कोट शिवतात, तोंडाने तिखट पण मनाने आपल्या. त्यांनी शिवणयंत्राशेजारी फोन ठेवून पान उघडलं. एका बाहीला अस्तर लावून झालं तेव्हा चौथं रीळ अर्धं दिसत होतं. दुसऱ्या बाहीपर्यंत फोन तापला. कॉलर बसवून झाल्यावर त्यांनी मला कळवलं की तुमचं पान पूर्ण उघडेल तेव्हा बँडवाले ह्या कोटात मावणार नाहीत, तेव्हा काहीतरी करा.

काहीतरी केलं. म्हणजे दादांना न सांगता पट्टी तिसावर नेली. (हो, चोरून. मला काही ह्याचा अभिमान नाही, पण हौसही नव्हती.) पान फटकन उघडलं, एवढं फटकन की मला भरून आलं. मग मी नीट बघितलं. रिळांवरचा दोरा दोऱ्यासारखा दिसतच नव्हता, बाथरूमच्या फरशीसारखा दिसत होता, चौकोन चौकोन. गुलाबी रिळांवर तर डाग उमटले होते. कोटवाल्या बाईंनी विचारलं, हे सगळं भिजलं होतं का? मी हात टेकले आणि उद्या बघू म्हणून घरी गेले.

आणि उद्या काय बघते? चित्रं तशीच चौकोनी, तशीच डागाळलेली, पण वजनाने पुन्हा जड. म्हणजे पान हळू उघडतंय आणि उघडल्यावर घाणही दिसतंय. दोन्ही अवगुण एकत्र. मी एकमिनिटला फोन करून त्याची बिनपाण्याने केली. तो (एक मिनिटानंतर) म्हणाला की तिसावर दाबलेली चित्रं कोणीतरी उघडून पुन्हा शंभरावर ठेवून जपली (म्हणजे सेव्ह केली) आहेत. त्याने काय होतं? काही होत नाही. एकदा टाकून दिलेलं परत येत नाही, पट्टी कितीही वर न्या. वजन तेवढं वाढतं. म्हणून मूळ फोटो वेगळे जपून ठेवायचे आणि दर वेळी त्यांच्यापासूनच सुरुवात करायची. मी म्हटलं, हे कोणी केलं? तो म्हणाला, मी नाही. आई म्हणाली, मला तो कॉम्प्युटर सुरूही करता येत नाही. दादा म्हणाले, मी काय त्याला हात लावणार आहे? मी नवीन प्रती काढल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. काका, पाच दिवस मी रोज चारशे बारा चित्रं दाबत होते आणि कोणीतरी रोज ती शंभरावर नेऊन ठेवत होतं. माझ्या डोक्याला इतका ताप झाला की शेवटी मला वाटायला लागलं, मीच झोपेत चालत येऊन हे करते.

म्हणून मी चित्र दाबायचा तो प्रकारच सोडला आणि दुसरा धरला. त्यात क्वालिटीची पट्टीच नसते, चित्रात किती रंग ठेवायचे एवढंच विचारतात. हा तर आपल्याच धंद्याचा प्रश्न, असं मला वाटलं. पर्याय होते दोनशे छप्पन, एकशे अठ्ठावीस, चौसष्ट, असे. चौसष्टवर चित्र सगळ्यात हलकं होत होतं. आणि इथे मी ती चूक केली जी दोऱ्याच्या दुकानात जन्म काढलेल्या बाईने करायला नको होती. मला वाटलं, एका रिळाला चौसष्ट रंग काय कमी आहेत? पण मी सगळी रिळं एकाच मोठ्या चित्रात मांडली होती. चारशे बारा छटांत मिळून चौसष्ट रंग! पांढरे अकरा होते त्यांचे दोन झाले. विटकरी, गेरू आणि तपकिरी एका रात्रीत सख्खे भाऊ झाले. राखाडी तर सगळे मिळून तीन उरले.

दादा मागे येऊन कधी उभे राहिले मला कळलं नाही. ते बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. पण ते एवढंच म्हणाले, "हे त्याच्या कार्डासारखं झालं," आणि खुंट्यांकडे निघून गेले. काका, अकरा वर्षांत त्यांनी तुमचा काढलेला हा पहिला विषय. नाव नाही घेतलं, पण आमच्या घरात "त्याच्या" म्हटलं की दुसरं कोणी नसतं. आईने हातातलं काम खाली ठेवलं. मी तर चित्र पुसायचंच विसरले. (मी ह्याबद्दल लिहिणार नव्हते, पण घडलं ते सांगितलंच पाहिजे.)

त्या दिवशी मी एकमिनिटला समोर बसवलं आणि सांगितलं की आज तू एक मिनिट म्हणायचं नाही. मग तो सुरेख बोलला. म्हणाला, दोऱ्यावर उजेड हळूहळू सरकतो, एका कडेला फिका, मध्ये चमक, पुन्हा गडद. अशा चित्राला पहिलाच प्रकार बरा, पट्टी सत्तर ते पंच्याऐंशीच्या मध्ये कुठेतरी ठेवायची आणि डोळ्याने बघून ठरवायचं. सपाट रंग आणि अक्षरं असतील तर दुसरा प्रकार. तुमच्या फोटोत रीळही आहे आणि रिळावर चिकटवलेलं नंबराचं लेबलही आहे, म्हणून कुठेही नेलं तरी एकाचं बिघडतंच. आणि खरंच, पंच्याहत्तरवर दोरा सुंदर दिसत होता, पण लेबलावरच्या आकड्यांभोवती मुंग्या जमल्यासारखे मळकट ठिपके होते, तीनाचा आठ वाटत होता. मग उपाय? लेबलं काढून फोटो घ्या, नंबर आपण खाली टाइप करू.

किती सोपं, नाही? मी चारशे बारा रिळांची लेबलं सोलली. नखं गेली. रिळं नंबरवार बारा ट्रेमध्ये लावली, लेबलं त्याच क्रमाने एका कागदावर चिकटवली आणि ट्रे वर कॉम्प्युटरच्या खोलीत खिडकीपाशी टेबलावर एकावर एक रचले. मग खाली दुधाची पिशवी घ्यायला गेले. वर येताना मधल्या पायरीवरून मला कॉम्प्युटरच्या खोलीत दादांची पाठ दिसली. ते पडद्याला नाक लावून, एका बोटाने, अगदी जपून पट्टी उजवीकडे सरकवत होते. शंभरावर.

म्हणजे पाच दिवस हेच! ह्यांनी चोरून सगळं शिकून घेतलं होतं. फाइल उघडायची कशी, जपायची कशी. मला विचारलं असतं तर मी शिकवलं असतं, पण विचारणं त्यांच्या रक्तात नाही (हे तुम्हाला मी काय सांगणार). मी जिन्यातूनच "दादा!" म्हणून ओरडले. ते दचकून उठले, एकमिनिटची खुर्ची चाकावरून मागे सटकली, टेबलाला धडकली, आणि बाराच्या बारा ट्रे खाली आले. चारशे बारा रिळं. बिनलेबलाची. कपाटाखाली, जिन्यावर, खोलीभर. एक केशरी रीळ उंबरा ओलांडून रस्त्यात गेलं, ते कुरिअरवाल्याने आणून दिलं आणि वर विचारलं, जागा रिकामी करताय का? माझी पाठ धरली ती त्या दिवशी, कपाटाखाली अर्धा तास पालथी पडून.

मी रडले, खोटं का सांगू. लेबलं एका कागदावर, रिळं जमिनीवर, आणि कुठलं कुणाचं ते कोणालाच ठाऊक नाही. दादांनी मला उठवलं, खिडकीपाशी खुर्ची ओढली, लेबलांचा कागद मागितला आणि म्हणाले, एकेक देत जा. मग काका, अडीच दिवस मी जे बघितलं ते तुम्ही बघायला हवं होतं. रीळ हातात घ्यायचं, उजेडाकडे धरायचं, नंबर सांगायचा. एकशे चार. तीनशे एकोणनव्वद. अकरा पांढरे त्यांनी ओळीने लावले, आणि मी मुद्दाम त्यातले दोन बदलून ठेवले तर न बोलता पुन्हा जागेवर केले. कोटवाल्या बाई बटणं घ्यायला आल्या होत्या, त्या तासभर उभ्या राहिल्या आणि एकदाही तिखट बोलल्या नाहीत. सहा आठवडे मी ह्या माणसावर दात-ओठ खाल्ले, पण त्या अडीच दिवसांत मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मधेच उठून आत जावं लागलं. माझ्या लहानपणी तुम्ही दोघं असेच बसायचात. दादा रीळ उजेडाकडे धरायचे आणि तुम्ही दोरा तर्जनीला गुंडाळून बघायचात, आणि मीही तुमचं बघून गुंडाळायचे, बोट निळं पडेपर्यंत.

चारशे दहा रिळांना त्यांनी लेबलं लावली. दोन उरली. लेबलंही दोन उरली. कुठली ते तुमच्या लक्षात आलंच असेल, म्हणून लिहीत नाही. (ओली पाटी आणि ओलं सिमेंट. दादांनी त्या दोन राखाड्यांना ठेवलेली ही नावं अजून तीच आहेत.)

आधी दादा म्हणाले, उजेड गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, आज ढग आहेत. दुपारी ऊन पडलं तेव्हा चष्मा पुसला. मग दोन्ही रिळं घेऊन अंगणात गेले, गच्चीवर गेले, आरशासमोर गेले. आईने जेवायला हाक मारली तर जेवताना दोन्ही रिळं ताटाशेजारी. संध्याकाळी त्यांनी आतल्या खोलीचं दार लावून सूत रंगवून देणाऱ्या कारखान्याला फोन केला. पाच मिनिटं बोलले. बाहेर आले आणि काहीच म्हणाले नाहीत. त्यांचं काही न म्हणणं मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा जास्त घाबरवतं.

दुसऱ्या दिवशी एकमिनिट आला तेव्हा दादांनी स्वतः त्याच्यासाठी खुर्ची धरली (चाकं सरकू नयेत म्हणून पाय लावून) आणि विचारलं की काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे तुझं यंत्र ठरवतं कसं? तो म्हणाला, माणसाच्या डोळ्याला उजेड आणि सावलीतला फरक लगेच कळतो, रंगातला बारीक फरक कमी कळतो, म्हणून ते आधी रंगातलं टाकतं. हे वाक्य महिन्यापूर्वी म्हटलं असतं तर एकमिनिट खुर्चीसकट रस्त्यावर गेला असता. दादा म्हणाले, बरोबर आहे त्याचं. मग त्यांनी स्वतःच्या बोटाने पट्टी शंभरावरून खाली आणली. ब्याऐंशीवर थांबवली. एकमिनिट म्हणाला, अगदी योग्य आकडा आहे.

पान तयार आहे. फोनवर पटकन उघडतं, पांढरे अकराच्या अकरा दिसतात, कोटवाल्या बाई म्हणाल्या, हं, आता दुकान वाटतं. पण लोकांपुढे ते अजून गेलेलं नाही. कारण चारशे अकरा चौकोनांत रिळं आहेत (दोनशे सतराच्या चौकोनात त्या उरलेल्या दोघांतलं एक) आणि दोनशे अठराचा चौकोन रिकामा आहे. दादांनी तो भरू दिला नाही. दोनशे सतराचंच चित्र तिथे टाकू का विचारलं तर नाही म्हणाले, काढून टाकू का विचारलं तरी नाही म्हणाले. मग करू काय? तर म्हणे थांब. कशासाठी थांबू ते सांगत नाहीत. वर्षअखेर आली, कुरिअरवाला दिवसाआड दाराचं माप घेऊन जातो, आणि माझं सगळं घोडं एका राखाडी चौकोनात अडलं आहे.

असो. पत्र फक्त खुशालीचं आहे, काही मागणं नाही. काकूंना जिना जपून उतरायला सांगा. कळावे, आणि कळल्यावर कळवावे.

तुमची,
अर्धी वाकलेली पुतणी

ता. क. - एक बारीकसं विचारायचं राहिलं. तुम्ही इतकी वर्षं छापखान्यात ठिपक्या-ठिपक्यांतून चित्रं काढलीत, तेव्हा ब्याऐंशी बरोबर आहे की पंच्याऐंशी करू, एवढं कळवा. त्यासाठीच पत्र लिहिलं.

ता. क. २ - त्यासाठी लिहिलं नाही. दादांनी काही सांगितलं नाही म्हणून मीही त्या कारखान्याला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, हल्ली सगळ्यांना हाच प्रश्न पडलाय का? ते दोन राखाडी त्यांनी पंधरा वर्षांपूर्वीच एक केले. एकाच टाकीतून निघतात. तसं पत्रही पाठवलं होतं म्हणे. पण तुमचे दादा दोन नंबर मागतात म्हणून आम्ही दोन लेबलं लावून देतो, असं म्हणाला. पंधरा वर्षांपूर्वी, काका. तुम्ही कार्ड छापलंत त्याच्याही चार वर्षं आधी. तुमच्या कार्डावर ते एकसारखे आले, कारण ते एकसारखेच होते. ह्या पाकिटात दोन्ही रिळांचे तुकडे घातले आहेत, एका पुठ्ठ्यावर चिकटवून. तुम्ही मागितले होते ते. कुठला दोनशे सतरा आणि कुठला अठरा ते मला माहीत नाही, दादांनाही नाही. तुम्ही बघून काय ते सांगा. तुम्ही सांगाल तसा तो चौकोन भरू. पत्राने सांगितलंत तरी चालेल, पण इथे येऊन सांगितलंत तर दुकान वाचेल आणि माझी पाठसुद्धा.

ता. क. ३ - मी लिहिलंय हे दादांना अजिबात कळू देऊ नका. त्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही.

ता. क. ४ - ठाऊक आहे. पाकीट बंद करायच्या आत त्यांनी ते माझ्या हातून काढून घेतलं. पत्र वाचलं नाही, पुठ्ठा तेवढा बाहेर काढला. मला म्हणाले, एवढ्याशा तुकड्यांचं तो काय करणार, त्याला बोटाला गुंडाळून बघायची सवय आहे. मग दोन्ही रिळांवरून त्यांनी हातभर लांब दोरे काढले, स्वतःच्या तर्जनीला एकदा गुंडाळून पुरतात का ते बघितलं आणि पाकिटात घातले.